आडतीच्या खोलीतली पुस्तकं

तेर गावात एक माणूस असा आहे, जो रस्त्यानं चालताना समोर बघतच नाही. मान खाली घालून चालतो. नवख्याला वाटावं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. गावाला ठाऊक आहे की मुनवरमामू कागद शोधतायत. भज्याचा कागद, फाटका पेपर, कुणाच्या लग्नाची पत्रिका, खताच्या दुकानाची जाहिरात, ज्यावर म्हणून अक्षर छापलंय ते पायदळी येता कामा नये. मामू वाकतात, कागद उचलतात, झटकतात आणि जवळच्या भिंतीच्या फटीत, नाहीतर कुणाच्या तरी खिडकीवर उंच ठेवून पुढं निघतात. शेजारच्या कमलबाईंच्या पत्र्याखाली तर त्यांनी एवढे कागद खोचून ठेवले होते की चिमण्यांना काड्या गोळा कराव्याच लागल्या नाहीत. कागदावर काय लिहिलंय, याच्याशी मात्र मामूंना देणंघेणं नसे.

ते वाचत नसत म्हणून. येत नव्हतं असं नाही. चौथीत असताना वडिलांची नजर गेली, शिलाईचं मशीन चालवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मुनवर दप्तर ठेवून पायडलवर बसला तो आज साठी उलटली तरी तिथंच आहे. गावातल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले. पण त्यांचं स्वतःचं वाचन बसची पाटी आणि कापडाच्या गाठीवरचा शिक्का याच्यापुढं गेलं नाही. अक्षर लावायला वेळ लागतो आणि वेळ कुणाकडं आहे, असं ते म्हणत. अक्षरांना ते भीत होते असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर कात्री घेऊन अंगावर आले असते.

अशा माणसाला एक दिवस सोनाली मॅडमनी नको ते सुचवलं. सोनाली मॅडम म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं बदलून आलेली तरुण शिक्षिका. ब्लाऊज टाकायला दुकानात आली होती. मामूंनी कुणा पोराच्या वहीचं पान रस्त्यातनं उचलून कपाळाला लावलेलं तिनं पाहिलं आणि सहज बोलून गेली, "मामू, एवढा जीव आहे तुमचा कागदावर, तर गल्लीतल्या पोरांसाठी पुस्तकघर काढू या की आपण." ती मापं देऊन निघून गेली. मामूंनी मात्र मनावर घेतलं. संध्याकाळी मशीनवर कापड टाकून ते घरोघर फिरायला लागले.

आता ही गल्ली कशी, तर नळाची तोटी कुणाच्या दाराकडं तोंड करून असावी यावरून वर्षभर अबोला धरणारी. तिनं पुस्तकांसाठी एका दमात होकार दिला, हे अजूनही कुणाला पटत नाही. कमलबाई दोन म्हशींच्या जिवावर घर चालवणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी तुपाची भांडी खाली काढून लाकडी मांडणी उचलून दिली. सुतारानं फळ्या दिल्या. पुण्याला कामाला असलेल्या पोरांनी सुट्टीला येताना पिशव्या भरून पुस्तकं आणायचं कबूल केलं. सोनाली मॅडमनी धाराशिव-लातूरच्या ओळखीच्या मास्तरांना फोन लावून लावून त्यांना भंडावून सोडलं. प्रश्न राहिला जागेचा.

जागा होती माणिकप्पांकडं. माणिकप्पा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी धान्याची आडत असलेले व्यापारी, बोलायला थोडे, शब्दाला पक्के. आडतीला लागून त्यांची एक कोरडी, उजेडाची खोली होती. दसऱ्याच्या सुमाराला तिच्यात सोयाबीनची थप्पी लागायची आणि उन्हाळ्यात खोली रिकामी व्हायची. मामू सगळं सांगून थांबले तेव्हा अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला.

"दसऱ्यापतूर वापरा," ते म्हणाले. "सोयाबीन आल्यावर बघू. तवा जर खोलीत पोरं वाचत बसलेली दिसली, तर माझी पोती म्या भाईर ताडपत्रीखाली ठिवीन. पण पोरं नसली तर खोली माझी. मग रुसायचं न्हाय."

"न्हाय रुसणार अप्पा," मामू म्हणाले. यात रुसण्यासारखं काय होतं? पुस्तकं असल्यावर पोरं येणारच, याची त्यांना खात्री होती.

आषाढात पुस्तकांचे खोके धाराशिवहून एसटीनं आले. आणायला दोन माणसं पुरली असती, पण अख्खी गल्ली स्टँडवर हजर. बायकांनी खोके डोक्यावर घेतले. खोलीच्या दारात कमलबाईंनी सगळ्यांना अडवून धरलं, पुस्तकांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यावर पाणी ओतलं. नव्या नवरीचं काय कौतुक होईल असं झालं. आत गेल्यावर मामूंनी पहिला खोका उघडला आणि ते तसेच उकिडवे बसून राहिले. एवढी अक्षरं एका ठिकाणी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ही पुस्तकं बसून लिहिली त्या माणसांचं काय डोकं असेल, किती वर्षं लागली असतील, आणि ती सगळी आपल्या गल्लीत चालत आली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही असं त्यांना वाटतं, पण दिसलं सगळ्यांना.

इथंच घोटाळा झाला. वाईट मनानं कुणी काही केलं नाही. उलट मन फार चांगलं होतं म्हणूनच झाला.

मामूंच्या घरी कुराण शरीफ जुजदानात असायचं, शिवलेल्या मखमली पिशवीत. कमलबाईंच्या घरी पोथी तांबड्या बासनात. चांगलं पुस्तक उघडंनागडं ठेवत नसतात, हे गल्लीत कुणी कुणाला सांगायची गरजच नव्हती. मामूंनी ठरवलं की प्रत्येक पुस्तकाला आपण जुजदान शिवायचं. बायकांनी ट्रंका उपसल्या. आहेरातले खण, ओटीतले खण, लेकीच्या बाळंतपणात आलेली, कधी न शिवलेली ब्लाऊजपिसं, सगळं मामूंच्या दुकानात येऊन पडलं. मामूंनी गिऱ्हाइकांना तारखांवर तारखा दिल्या आणि श्रावण निम्मा सरेपर्यंत नुसत्या पिशव्या शिवल्या. अस्तर लावलेल्या, गोट मारलेल्या, झाकणाला काज-बटण. मांडणीवर ती पुस्तकं लागली तेव्हा बघणारा हरखून जाईल असं दृश्य होतं. फक्त त्यातलं पुस्तक कोणतं, ते काही कळायला मार्ग नव्हता.

"मामू, पोरांना वरचं चित्र दिसायला पाहिजे," सोनाली मॅडम हळूच म्हणाली.

"दिसंल की. उघडल्यावर."

तिनं ते पुढं लावून धरलं नाही. खरं सांगायचं तर एवढं शिवलेलं उसवा म्हणायला तिचीही जीभ रेटेना.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर पुस्तकघर उघडलं. दाराशी बादली आणि तांब्या. पाय धुवायचे, हात धुवायचे, पुसायचे, मगच आत. पोरं ओळीनं मांडी घालून बसली. समोर लाकडी रेहल, म्हणजे पोथी ठेवायची ती घडीची तिवई, प्रत्येकाला मिळेना म्हणून पाळीपाळीनं. कमलबाईंनी उदबत्ती लावली. कमलबाईंची नात वैष्णवी, तिसरीतली, चिंचेवर चढण्यात पोरांनाही मागं टाकणारी, तिची पाळी पहिली आली. तिनं पोपटी खणाची पिशवी उचलली आणि पुस्तक ओढलं. पिशवी जरा तंगच झाली होती. पुस्तक अडकलं, तिनं हिसका दिला आणि एक पान टरकन फाटलं.

मामू उठले. ते रागावले नाहीत. एखादी टप्पल मारली असती, चार शब्द बोलले असते, तर पोरं खाली माना घालून हसली असती आणि विसरली असती. मामूंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं. बाजूला घेतलं तेव्हा डोळे ओले होते. पुस्तक पिशवीत घालून त्यांनी बटण लावलं आणि मांडणीवर ठेवून दिलं. वैष्णवी उठून बाहेर गेली. पेढे वाटले गेले तोवर बाकीची थांबली.

दुसऱ्या दिवसापासून कुणी येईना. मामू रोज असरची, दुपार उतरतानाची नमाज झाली की खोली उघडायचे, बादली भरायचे आणि बसायचे. पोरं रस्त्यातून जायची ती खोलीच्या पलीकडच्या कडेनं. घरच्यांनी दामटून पाठवलेलं एखादं यायचं, हात धुवायचं, पिशवीकडं बघत बसायचं आणि आई बोलावते म्हणून सटकायचं. पोळा झाला, गणपती बसले, गणपती उठले. माणिकप्पा येताजाता एकदा आत नजर टाकायचे. बोलत काही नसत. बोलले असते तर बरं, असं मामूंना व्हायचं. दसरा जवळ येत चालला तसे ते दिवस मोजायला लागले. खोली गेली की पुस्तकं पुन्हा खोक्यात जाणार आणि खोके कुणाच्या तरी माळ्यावर. या गल्लीनं आयुष्यात एकदाच एकदिलानं काही केलं होतं, ते आपल्या हातात विझतंय, हे त्यांना कळत होतं. का विझतंय ते कळत नव्हतं.

त्यांची बायको नूरुन्निसा शेवटी बोललीच. "बच्चों को तुमी डराए जी."

"म्यां? मैं हात बी नै लगाया."

"हात लगाते तो आते बच्चे," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. मामू त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मग एका दुपारी वैष्णवी दुकानात आली. चिंचेवरून उतरताना गणवेशाचा घेर फाटला होता आणि आजीच्या नजरेला पडायच्या आत तो शिवून हवा होता. ही पोरगी रांगायला लागली तेव्हापासून चिखलाच्या पायांनी मामूंच्या दुकानात शिरत आलेली. त्या दिवशी ती बाहेरच्या नळाशी थांबली. तिनं पाय धुतले, हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि मग उंबऱ्याशी उभी राहिली. मामूंचं पायडल थांबलं.

"हितं कशापायी पाय धुतलेस गं?"

"तुमी रागवाल."

"म्या कधी रागावलो तुझ्यावर?"

"रागावला न्हाईत," वैष्णवी म्हणाली. "रडलात."

मामूंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी फ्रॉकचा घेर मशीनखाली घेतला आणि ती समोर उभी असतानाच चाक फिरवलं. टाके सरळ पडेनात. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोरं का येत न्हाईत मग? म्या रडलो म्हणून?"

"म्युझियमवाणी वाटतं मामू तिथं. मॅडमनी नेलं व्हतं आमाला गावातल्या म्युझियमात. हात मागं बांधून बघायचं. तिथलं लई जुनं आसतं, फुटंल म्हणून. पर पुस्तकं तर नवी हाईत की."

तेर म्हणजे जमिनीखाली जुनं शहर असलेलं गाव, आणि मामू तिथंच लहानाचे मोठे झाले होते. नांगराला मणी लागला, मडक्याचा तुकडा लागला, की तो उचलून काचेआड ठेवायचा आणि लांबून बघायचं, हेच या गावानं जन्मभर केलं. पुस्तकांचंही तेच केलं. त्यांनी धागा तोडला. "काय व्हतं त्या पुस्तकात? तुझ्या हातून फाटलेल्या?"

"मला काय म्हाईत? उघडायच्या आदीच फाटलं. तुमाला म्हाईत आसंल."

मामूंना माहीत नव्हतं. त्याच काय, मांडणीवरच्या एकाही पुस्तकात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. सगळ्यांची लांबी-रुंदी-जाडी पाठ होती.

ते उठले, खोली उघडून पोपटी पिशवी घेऊन आले. मैद्याची खळ करून फाटलं पान मागून पातळ कागदानं चिकटवलं, शिवण सैल झाली होती तिथं जाड दोऱ्याचे दोन टाके घातले आणि पुस्तक वैष्णवीपुढं धरलं. "वाच."

"हात धुवून येते."

"ऱ्हाऊ दे," मामू म्हणाले. हे दोन शब्द त्यांना अख्खा कोट शिवण्यापेक्षा जड गेले.

ती कापडाच्या ढिगावर बसून वाचायला लागली. एका हरवलेल्या उंटाची गोष्ट होती. उंट कधी न पाहिलेल्या गावात तो पोचतो आणि एका म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसतो, काही केल्या उठत नाही. वैष्णवी अडखळत होती, बोट ठेवत होती, एखादा शब्द तीनदा फोडत होती. पण उंट आला. मामूंना तो दिसला. समोर काळ्या बारीक खुणांशिवाय काही नव्हतं आणि या चिंचेवर चढणाऱ्या पोरीच्या तोंडातून एक आख्खा उंट मान हलवत दुकानात येऊन बसला होता. जन्मभर ज्या कागदांना कपाळाला लावलं त्यांत हे होतं. हे सगळं आत होतं आणि आपण ते भिंतीच्या फटीत ठेवत गेलो. फाटल्या जागी एक ओळ नीट लागेना, तर वैष्णवीनं ती पदरची घालून वाचली आणि पुढं गेली.

"मग? उठला का उंट?" मामूंनी विचारलं.

दारात तोवर आणखी पोरं जमली होती. एक गिऱ्हाईक पँट घ्यायला आलं होतं, तेही उभं राहून ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी मामूंनी सगळ्या पिशव्या काढल्या. कमलबाई भडकल्या. "आमच्या खणांनी काय घोडं मारलं व्हतं तुमचं?" मामू वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पिशव्या उसवल्या, तुकड्याला तुकडा जोडला आणि खोलीभर अंथरता येईल अशी एक भली मोठी गोधडी शिवली. कमलबाईंनी आपला पिवळा खण तीत कुठं लागलाय ते शोधून काढलं आणि मगच त्यांचा राग उतरला. बादली दारातून गेली. पुस्तकांची तोंडं बाहेर झाली. आठवडाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पुस्तकं घरी जायला लागली आणि वरणाचे डाग घेऊन परत यायला लागली. प्रत्येक डागाला मामूंचा जीव अजूनही कळवळतो. फक्त हल्ली ते तोंड फिरवून घेतात.

आणि मग सोयाबीन आलं. दसऱ्याच्या आधीच आलं, आणि आलं ते आभाळ घेऊन. परतीचा पाऊस त्या वर्षी गावाचा पिच्छा सोडत नव्हता. माणिकप्पांच्या दारात ट्रॉली उभी राहिली तेव्हा तेरणा नदीच्या अंगानं काळंभोर उठलं होतं. अप्पांनी खोलीत डोकावून पाहिलं. गोधडीवर पोरंच पोरं. ते मागं फिरले आणि हमालांना म्हणाले, "ताडपत्री काढा."

मामू दुकानातून धावत आले. ताडपत्रीनं हा पाऊस आवरत नाही, हे शिंप्यालाही कळतं. भिजलं सोयाबीन काळं पडतं, कोंब फुटतात. आणि ते काही एकट्या अप्पांचं नव्हतं, निम्म्या गल्लीच्या घामाचं होतं.

"अप्पा, खोली घ्या तुमी. पुस्तकं म्या काढतो."

"शबूद दिलाय म्या."

"शब्दानं सोयाबीन कोरडं ऱ्हात न्हाय, अप्पा."

मामू आत गेले. पोरांना हाकलायचा त्यांना धीर होईना. मांडणीवरची छातीएवढी थप्पी उचलून ते दाराकडं वळले. आपल्या हातानं उघडलं, आपल्या हातानं बंद करू, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बाहेर आले आणि ते जागच्या जागी थबकले.

एक पोतं कमलबाईंच्या दारातून आत चाललं होतं. कमलबाई पुढं होऊन हमालांवर ओरडत होत्या, "माजघरात घाला, खाटंखाली. आन म्हशीच्या तोंडापासनं लांब." पलीकडं सुताराच्या ओसरीवर पोतं, त्याच्या शेजारच्या घरात पोतं. नळाच्या तोटीवरून ज्यांनी वर्षभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ती दोन घरं एकच पोतं दोन्हीकडून धरून उचलत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नूरुन्निसानं दुकानातलं कापड पलंगावर टाकून मशीन भिंतीला सरकवलं होतं आणि ती हमालाला म्हणत होती, "इधर लाव, और दो बसते." ट्रॉली बघता बघता रिकामी होत होती. माणिकप्पा उपरण्यानं चेहरा पुसत उभे होते. घाम होता की काय होतं, देव जाणे.

मामूंना साठ वर्षं ही गल्ली ठाऊक होती. आज वाटलं, आपण हिला ओळखतच नव्हतो. त्यांना हात जोडावेसे वाटले, पण हातात पुस्तकं होती.

पावसाचा पहिला टपोरा थेंब सगळ्यात वरच्या पुस्तकावर पडला. माणिकप्पा म्हणाले, "मामू, भिजतील. आत न्या."

मामू मागं फिरले. आत पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी पालथं पडून, कुणी भिंतीला पाय लावून, कुणी एका पुस्तकावर तिघं तिघं डोकं घालून वाचत होती. मामू थप्पी धरून दारातच उभे राहिले. वैष्णवीनं पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "मामू, सरका की. उजेड आडवायलात."

मामू बाजूला सरकले.